होडी मागून चालते

माझा डावा हात उजव्यापेक्षा जाड आहे. तीन वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं, त्यात काखेतल्या गाठीही काढल्या, आणि तेव्हापासून या हातात पाणी साठतं. त्यावर मी दिवसभर एक घट्ट बाही घालते. उन्हाळ्यात ती चढवताना माझी आणि तिची रोज मारामारी होते. कार्तिक लागला, बाल्कनीतली फरशी सकाळी पायाला गार लागायला लागली, की तीच बाही एका ओढीत कोपराच्या वर जाते. मग मला कॅलेंडर पाहावं लागत नाही. तिकडे राजूरच्या बाजूला भात सोंगणीला, कापणीला आला असणार.

परवा तिकडून नवा तांदूळही आला. तिथल्या होडीवाल्या भीमाबाईंनी एका ओळखीच्या मास्तरांबरोबर पाच किलोची पिशवी पाठवली होती, तोंड सुतळीने बांधलेली. मी लगेच कुकर लावला. नव्या काळभाताला, तिकडच्या त्या जातीला, ओलसर, गवताळ वास असतो. भात जरा गिचकाच होतो. शहाण्या बायका नवा तांदूळ वर्षभर डब्यात जुना करतात आणि मग खातात. मी शहाणी नाही, आणि वर्षभर थांबायची तर मला मुळीच सवय राहिलेली नाही. नगरला सावेडीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तो वास भरला आणि मला प्रवरेचं पाणी दिसायला लागलं.

या वर्षी त्या वासात आणखी एक गोष्ट मिसळली आहे. गेल्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीला गेले होते. डॉक्टरांची बोटं उजव्या बाजूला एका जागी जरा जास्त वेळ थांबली. तुकडा तपासायला पाठवलाय, रिपोर्ट मंगळवारी मिळेल. ही बातमी मी कोणाला सांगितली नव्हती, पण आमच्या घरात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. त्याच रात्री नणंदेचा फोन आला. "वहिनी, शनिवारचं ते नदीबिदी राहू द्या. जपा जरा."

जपा. या एका शब्दाने मला तीन वर्षांत जेवढं छळलं तेवढं आजाराने छळलं नाही. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, हात हळूहळू वापरायला लागा, जपून वापरा. यातलं 'वापरा' माझ्या एकटीच्या कानात शिरलं आणि 'जपून' बाकीच्या सगळ्यांच्या. माणूस आजारी पडला की त्याच्या अंगावर नातेवाइकांची नावं सातबाऱ्यावर चढावीत तशी चढतात. काय खायचं, कधी झोपायचं, कुठे जायचं, सगळ्यात प्रत्येकाचा हिस्सा. आपण फक्त कब्जेदार.

मी शाळेत पी.टी. शिकवते. बावीस वर्षं खो-खोच्या मुली तयार केल्या. ऑपरेशननंतर कामावर गेले तर मुख्याध्यापकांनी फार मायेने मला ग्रंथालयात बसवलं. पंख्याखाली खुर्ची होती, पाठीला उशी होती. खिडकीतून मैदान दिसायचं आणि मैदानावर माझ्या मुली चुकीचा खो देत असायच्या. पाठीला हात लागायच्या आधीच तोंडाने खो म्हणायच्या. मी खिडकीतून ओरडले की ग्रंथालयातली मुलं दचकायची. शिट्टी खिळ्याला टांगलेली होती. घरी माझ्या स्कूटीची किल्ली आमच्या यजमानांनी, म्हणजे सुभाषरावांनी, आपल्या कपाटात ठेवली. ते चालवायचे आणि मी मागे बसायचे, हात मांडीवर ठेवून.

ऑपरेशनला वर्ष होत आलं, त्या दिवाळीत सुभाषरावांनी माझा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून काढला. अक्षर त्यांचं सुरेख आहे. 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द त्यांनी जरा ठसठशीत काढले होते. माझी सही तेवढी राहिली होती. "सुट्टी संपायच्या आत करते," असं मी म्हणाले, कारण वाद घालायलाही अंगात बळ लागतं आणि ते तेव्हा नव्हतं. त्या आनंदात त्यांनी सहल ठरवली. ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलं होतं की राजूरजवळ प्रवरेच्या फुगवट्यात कॅनूतून फिरवतात, काठावर तंबूत मुक्काम, बरोबर माहीतगार माणूस, कुटुंबासाठी अगदी सुरक्षित. धरणाचं पाणी मागे दरीत जिथवर चढतं त्याला तिकडे फुगवटा म्हणतात. मला हवापालट, त्यांना मनःशांती, आणि परत आल्यावर सोमवारी सही. अर्ज त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बरोबर घेतला होता. मला वाटलं तर तिथेच करता यावी म्हणून. आणि माझ्यासाठी सोफ्यावरची एक उशी घेतली होती, होडीत मधोमध ठेवायला.

रस्त्याने उसाच्या बैलगाड्या लागल्या होत्या. कारखाने नुकतेच सुरू झाले होते, हवेत मळीचा आंबूस वास होता. अकोले मागे पडलं तसा तो वास गेला आणि भाताचा वास सुरू झाला. खाचरात बायका ओणव्या होऊन सोंगत होत्या, बांधांवर पेंढ्या पसरल्या होत्या, डोंगराच्या उतारावर खुरासणीचा पिवळा रंग अजून थोडा उरला होता. आमची सई तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ती खिडकी उघडून बसली. सुभाषराव म्हणाले, "काच लाव, आईला वारा लागेल." सई माझ्याकडे बघायला लागली. मी माझ्या बाजूचीही काच खाली केली. त्या सहलीतला माझा पहिला पराक्रम तो.

काठावर आमचा माहीतगार माणूस उभा होता, आणि ती बाई निघाली. भीमाबाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत ओढलेला, त्यावर नारिंगी लाईफ जॅकेट, कपाळावर ठळक गोंदण. धरण झाल्यावर नवऱ्याबरोबर वीस वर्षं या पाण्यात जाळी टाकली, मग नाशिककडच्या मंडळींनी कॅनू आणल्या तशा त्या चालवायला शिकल्या. त्यांनी आधी पाण्याला हात लावून कपाळाला लावला, मग आमच्या सामानाकडे पाहिलं, मग उशीकडे.

"ही कुनाला?"

"हिला," सुभाषराव म्हणाले. "हिचं ऑपरेशन झालंय. ही मधे बसेल. मी पुढे बसतो, मुलगी मागे."

"तिघं न्हाई बसत सायेब एका होडीत, सामानासकट. ताईची पोर माझ्यासंगं येईल. तुमी दोघं ह्या होडीत."

"चालेल. मग मी पुढे."

"मागं बसा की सायेब. वजन हाय तुमचं."

"नाही नाही. पुढे मीच."

आता यात सुभाषरावांची चूक म्हणावी तर आपल्या सगळ्या मुलखाची चूक आहे. बैलगाडीत हाकणारा पुढे बसतो. ट्रॅक्टरवर, जीपमध्ये, स्कूटरवर, जो चालवतो तो पुढे. मागे बसतात बायका, पोरं आणि भाजीच्या पिशव्या. घोडेगावच्या बाजारातून म्हैस आणली तरी टेम्पोत तिची जागा मागेच असते. ज्याला चालवायचं त्याने पुढची जागा धरावी हे इतकं साधं आहे की कोणी विचारायला जात नाही. भीमाबाईंनी उशी उचलून मागच्या फळीवर माझ्यासाठी ठेवली आणि एक वल्हं सुभाषरावांना दिलं. दुसरं माझ्या हातात देणार तोच ते म्हणाले, "तिला नको. ती नुसती बसेल."

"हातात असू द्या. धरायला बरं असतं," भीमाबाई म्हणाल्या.

मग जे झालं ते सईच्या मोबाईलमध्ये आहे. सुभाषरावांनी पुढून जोर लावला, होडी डावीकडे वळली. त्यांनी वल्हं दुसऱ्या बाजूला मारलं, ती उजवीकडे वळली. त्यांच्या वजनाने नाक पाण्यात आणि शेपूट वर, म्हणजे मी वर. आम्ही एकाच जागी गोल गोल फिरत राहिलो. काठावर एक म्हातारा म्हशी धूत होता. त्याने काम थांबवलं आणि तो खाली बसून बघायला लागला. "वल्हं तिरकं आहे," सुभाषराव म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हणाले, मग मोठ्यानेही म्हणाले. सई आणि भीमाबाईंची होडी शंभर हात पुढे जाऊन थांबली होती. त्या मागे आल्या, आमच्या बाजूला लागल्या, आणि भीमाबाई शांतपणे म्हणाल्या, "सायेब, तुमी पुढनं कितीबी वढा. होडी मागनं चालती."

सुभाषरावांनी हळूच मागे वळून बघितलं. "म्हणजे... मागचा माणूस वळवतो?"

"व्हय. पुढच्यानं निस्ता जोर लावायचा. कुटं जायाचं ते मागचा ठरवतो."

"मग मी मागे येतो."

"आता नाही," मी म्हणाले.

ते दोन शब्द माझ्या तोंडून कसे आले ते मला अजून नीट सांगता येत नाही. वर्षभर मी 'बरं' म्हणत होते. बरं झोपते, बरं खाते, बरं सही करते. त्या दिवशी पाण्यावर बसून मी नाही म्हणाले आणि आकाश कोसळलं नाही. भीमाबाईंनी पाण्याचा ड्रम आणि तंबूचं गाठोडं पुढून काढून माझ्या पाठीशी रचलं. नाक वर आलं. मी वल्हं उचललं, अर्थात उजव्या बाजूला, कारण उजवा हात धड आहे. पहिल्याच फटक्याला डाव्या काखेतून कळ गेली ती थेट बोटांपर्यंत. वल्ह्याची मूठ धरायला डावा हात डोळ्यांसमोर न्यावा लागत होता आणि तो खांद्याच्या वर जात नव्हता. मी ओठ दाबले, पण भीमाबाईंची नजर होती.

"ताई, कंचा हात वर जात न्हाई?"

"डावा."

"मंग त्यो खाली ठिवा. डाव्या अंगाला मारा. वर उजवा, त्यानं ढकलायचं. डाव्यानं निस्तं धरायचं." मग त्या आपल्या मनगटाकडे बघत म्हणाल्या, "माझं मनगट मोडलं हुतं, तवा मीबी उलटंच करत हुते. जो हात वर जात न्हाई त्यो खाली ठिवायचा. त्यात काय मोठं?"

त्यात काय मोठं. वर्षभरात किती जणांनी माझ्या हाताबद्दल बोलावं. त्याला विश्रांती द्या, तो उशीवर ठेवा, त्याने बादली नको, त्याने पिशवी नको, त्याला सुईचं टोकसुद्धा लागू देऊ नका. त्याला दुसरीकडे ठेवून बघा असं एकानेही सांगितलं नव्हतं. मी बाजू बदलली. डावा हात पात्याजवळ खाली, उजवा मुठीवर. वल्हं पाण्यात शिरलं, मी वरून ढकललं, होडी सरकली. दुखलं, पण ते काम करून दुखण्यासारखं होतं. मैदानावर मुलींना सहा फेऱ्या मारायला लावल्यावर आपलेही पाय दुखतात, तसं. ते दुखणं माझ्या ओळखीचं होतं आणि त्याला मी वर्षभर मुकले होते.

एकाच बाजूने वल्हवून होडी सरळ कशी ठेवायची, तेही त्यांनी शिकवलं. फटक्याच्या शेवटी पातं जरा बाहेर वळवायचं. डावीकडे वळायचं तर वल्हं मागे पाण्यात नुसतं धरून ठेवायचं. उजवीकडे जायचं तर लांबून वळसा देऊन मारायचं. तासाभरात मला ते जमायला लागलं. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण खो-खोतही डाव पुढे नेते ती मागून येणारी. बसलेलीच्या पाठीवर हात पडल्याशिवाय ती उठत नाही. बावीस वर्षं जे शिकवलं तेच नदीवर नवीन म्हणून शिकायला मी गेले होते. सुभाषराव मात्र सवयीने पुढून सूचना देत होते. इकडून घे, तिकडून घे, खडक बघ. उंटावरून शेळ्या हाकणं चालूच होतं. मी ऐकत होते आणि मला हवी तिकडून होडी नेत होते. ज्या मार्गाने मी नेई, तोच आपण सांगितला असं त्यांना वाटे. मीही बोलले नाही. घरात हेच उलट्या बाजूने, म्हणजे ते नेत आणि मला वाटे मी ठरवलं, असं कितीदा झालं असेल, ते मला त्या वेळी कळलं.

पाणी हिरवं होतं आणि दोन्ही काठांवर डोंगर सरळ उतरलेले. मधेच एखादं झाड पाण्यातून नुसता माथा काढून उभं होतं. बगळे आमच्या आधी उठायचे आणि पुढच्या वळणावर जाऊन बसायचे, आम्ही तिथे पोचलो की पुन्हा उठायचे. काठावरच्या खाचरांतून विळ्यांचा आवाज येत होता, खसक खसक, आणि बायकांच्या गप्पा पाण्यावरून इतक्या स्पष्ट ऐकू यायच्या की कोणाची सून कशी आहे ते आम्हाला कळलं. एकीने हाक मारून विचारलं, "भीमे, पावनी कोन?" भीमाबाई ओरडल्या, "नगरची मास्तरीन हाय. कवायत शिकवती." कोणीतरी मला पेशंट सोडून दुसरं काही म्हणाल्याला वर्ष झालं होतं. मी वल्हं जरा उंच धरलं.

मुक्कामाच्या जागी पोचलो तेव्हा ऊन डोंगराच्या मागे जात होतं. भीमाबाईंनी तीन दगडांची चूल मांडली, नव्या तांदळाचा भात टाकला, ठेचा वाटला, बारके मासे तव्यावर परतले. ताटं मांडली आणि त्या आपल्या भाकरीला बसल्या. वाढायला कोणी उठेना. घरी वर्षभर मला डाव उचलू दिला नव्हता, ताट हातात यायचं. इथे आपला हात जगन्नाथ. मी भात घेतला, पुन्हा घेतला, सुभाषरावांनाही वाढला. ते माझ्या हाताकडे बघत होते. बाहीखाली बोटं जरा सुजली होती, हे खरं.

सई भीमाबाईंना ताटं घासायला मदत करायला पाण्याकडे गेली, तेव्हा ते म्हणाले, "उद्या तू वल्हवू नकोस."

"का?"

"सूज बघ. आणि हे बघ, तो अर्ज..."

"अर्ज सोमवारी."

ते चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवत म्हणाले, "त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी पाच तास बाकावर बसलो होतो. समोर भिंत. तेव्हापासून मला तू दिसत नसलीस की तीच भिंत दिसते. तू शाळेत गेलीस की दिसते. मी तुझ्यासाठी नाही लिहिला तो अर्ज. माझ्यासाठी लिहिला."

इतकं सरळ ते लग्नाच्या पंचवीस वर्षांत बोलले नव्हते. मला त्यांची माया आली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं आणि फिरवलाही, डावाच. पण माया आली म्हणून मी वितळले नाही. मी म्हणाले, "अहो, भीती तुमची आणि राजीनामा माझा, हे कसं?"

आम्ही उरलेला भात संपवला.

सकाळी हात खरोखर सुजला होता. अंगठी रुतली होती. तंबूवर दंव साचलं होतं आणि वारा सुटला होता. परतीच्या वाटेवर एक रुंद पट्टा ओलांडायचा होता, तिथे कालचं हिरवं पाणी राखाडी होऊन हलत होतं. सुभाषरावांनी माझी बोटं पाहिली, पाणी पाहिलं आणि भीमाबाईंना म्हणाले, "इथपर्यंत जीप येते ना? जीप बोलवा. आम्ही रस्त्याने जातो."

"येती की जीप. बोलावते. पन वारा आडवा हाय, वंगाळ न्हाई. जाता येतंय."

"हिचा हात बघा ना तुम्ही."

"हात ताईचा हाय सायेब. ताईला इचारा."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. पोहता मला येत नाही. हात ठणकत होता. जीपमध्ये बसले असते तर कोणी काही म्हणालं नसतं, उलट शहाणी म्हणाले असते. पण मला स्पष्ट दिसत होतं की त्या जीपमध्ये बसले तर तशीच सोमवारच्या सहीपर्यंत बसून जाईन. मी अंगठी साबण लावून काढली, सईच्या पर्समध्ये टाकली, बाही वर ओढली आणि मागे जाऊन बसले. उशी तंबूच्या गाठोड्यावर टाकली.

"वर धरा," भीमाबाईंनी निघताना सांगितलं. "उतरायचं तितं नाक ठिवू नका. त्या वठलेल्या झाडावर ठिवा. वारा तुमाला आपसूक खाली आनतोय."

पाण्यावर गेल्यावर वाऱ्याने होडीच्या कुशीत खांदा लावला. सुभाषराव ओरडले, "अगं, धक्का तिकडे आहे, तू कुठे नेतेस?" मी वठलेल्या झाडावरून नजर काढली नाही. लाट आदळून पाणी मांडीवर आलं. फटका, वळवणं, फटका, वळवणं. मैदानावर मोजते तसं मी मोठ्याने मोजायला लागले, एक दोन, एक दोन, आणि पुढे त्यांचं वल्हं आपोआप माझ्या मोजणीवर पडायला लागलं. सूचना थांबल्या. मग मधोमध, जिथे दोन्ही काठ सारखेच लांब होते, तिथे त्यांनी विचारलं, "वैजू, मागं आहेस ना?"

ते मागे वळू शकत नव्हते. वळले असते तर होडी हलली असती. वर्षभर माझ्यावरून नजर न काढलेला माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता आणि त्याला फक्त माझ्या आवाजाचा आधार होता.

"आहे," मी म्हणाले.

दहा-बारा फटक्यांनी पुन्हा, "आहेस ना?"

"आहे. तुम्ही ओढा."

आम्ही धक्क्याला लागलो नाही. साठ पावलं खाली चिखलात घुसलो, सुभाषराव उतरताना गुडघाभर रुतले आणि त्यांची एक चप्पल अजून तिथेच असेल. सईने मला मिठी मारली. भीमाबाईंनी होडी ओढून घेतली आणि म्हणाल्या, "झाड जरा लवकर सोडलंत. म्होरच्या येळी कळंल." म्होरच्या येळी. कोणीतरी माझ्या पुढच्या वेळेबद्दल इतक्या सहज बोललं होतं.

गाडीत सुभाषरावांनी पिशवीतून फोल्डर काढला. मी सही करावी म्हणून काढला की फेकावा म्हणून, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी तो घेतला, सईकडून पेन घेतलं, कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर माझ्या संघातल्या मुलींची नावं लिहून काढली. कोण बसणारी, कोण पळणारी, कोणाला आधी खो द्यायला शिकवायचं. अक्षर वेडंवाकडं आलं. सोमवारी तो कागद घेऊन मी मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला झेपेल का?" मी म्हणाले, "नाही झेपलं तर मीच सांगेन. तोवर कोणी विचारू नका." शिट्टी खिळ्यावरून काढली. तिच्यात धूळ बसली होती, पहिल्यांदा नुसती फुस्स झाली.

सगळं गोड झालं असं नाही. हात महिनाभर सुजलेला राहिला, डॉक्टर थोडे रागावले, थोडे हसले, आणि व्यायाम बदलून दिला. स्कूटीची किल्ली मिळायला संक्रांत उजाडली. अजूनही मैदानावरून परत आले की मी संध्याकाळी हात जाईल तेवढा वर भिंतीला टेकवून बसते. गेल्या वर्षी स्पर्धा आडवी आली म्हणून नदीवर जाता आलं नाही. या वर्षी शनिवार-रविवार आधीच ठरवून ठेवला होता, तपासणीच्या आधी.

तपासणीनंतर बेत मोडायचा का, असं मला घरात सगळ्यांनी विचारलं, सुभाषराव सोडून. काल ते बाल्कनीत उभं राहून फोनवर भीमाबाईंशी बोलत होते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"पानी चांगलं हाय सायेब. भात निम्मा सोंगून झाला. किती मानसं?"

"आम्ही दोघंच. सईची परीक्षा आहे."

"ताईची तब्बेत?"

मी कुकरचं झाकण हातात धरून ऐकत होते.

"मंगळवारी कळेल," ते म्हणाले. "पण होडी तीच ठेवा. मी पुढे बसतो."

फोन ठेवून ते आत आले आणि मी विचारलं नसताना म्हणाले, "मी घाबरलोय."

"मीही," मी म्हणाले, आणि त्यांना भात वाढला.

ती गाठ काय आहे मला माहीत नाही. वाईट असेल तर पुन्हा सगळं करावं लागेल, सुया, पिशव्या, केस, आणि कदाचित दुसराही हात वर जाणार नाही. तेव्हा भीमाबाईंना विचारीन, दोन्ही हात वर जात नसतील तर कसं मारायचं. त्यांना ठाऊक असेल, नाहीतर आम्ही दोघी मिळून शोधून काढू. पण आपल्या अंगातल्या एका गाठीने आपला शनिवार ठरवावा, हे मला मान्य नाही. मंगळवार तिचा असेल तर असो.

शनिवारी पहाटे आम्ही निघू. बाही एका ओढीत चढेल. उशी सोफ्यावरच राहील. पाण्याच्या मधोमध गेल्यावर, मागे न वळता, सुभाषराव विचारतील, "मागं आहेस ना?"

आणि मी सांगेन, आहे.